न आलेला राउटर आणि संदीपचं लग्न

जो राउटर अजून बाजारात आलाच नव्हता, त्याच्या भरवशावर मी एका मुलाचं लग्न मोडत आणलं होतं. मुलगा माझा नव्हता, राउटरही माझा नव्हता. तोंड तेवढं माझं होतं.

तेव्हा आम्ही हिंजवडीजवळच्या नेरे गावात तात्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मी मूळचा परभणीचा. हिंजवडीत एका कंपनीत होतो आणि परदेशातल्या कुठल्याशा बेकरीतल्या कामगारांचे पगार ज्या सॉफ्टवेअरमधून निघत, त्यातल्या चुका शोधत होतो. (माझा आणि वायरलेसचा संबंध म्हणाल, तर दोघंही एकाच पृथ्वीवर होतो, एवढाच.) पण नेऱ्यात गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवलेला माणूस दिसला की तो 'कंप्युटरवाला', आणि कंप्युटरवाल्याला टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं कळतं, अशी लोकांची ठाम समजूत होती. ही समजूत दूर करावी असं मला कधी वाटलं नाही.

एके दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मला एक वेबसाइट सापडली. घरात बिनवायरीचं इंटरनेट पुरवणारा एक नवा राउटर येऊ घातला होता, आणि तो कसा असेल याचे अंदाज जगभरातली रिकामटेकडी माणसं तिथं बांधत होती. फोटो एकच. त्यात टेबलावर काहीतरी होतं आणि त्यावर फडकं टाकलेलं होतं. मी त्या फडक्याकडे इतका वेळ पाहत बसलो की डब्यातली भाजी तशीच राहिली.

संध्याकाळी गच्चीवर चहाला तात्या आले, त्यांचा मुलगा संदीप आला. माझी बायको वैशाली दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी सहज म्हणालो, "तात्या, वायरींचे दिवस संपले! असा राउटर येतोय की घरात कुठंही बसा, इंटरनेट!"

"म्हंजी रेडिओवानी?"

"रेडिओ काय घेऊन बसलात! त्याच्या दसपट!"

"गोठ्यात येईल का?"

"गोठ्यात? आरामात!"

"आन् हिरीवर?"

"अहो, तो अजून निघालाय कुठं?" दोरीवरच्या चादरीमागून वैशालीचा आवाज आला.

"निघाला की येईल ना!" मी चादरीला उत्तर दिलं.

तात्या जरा पुढं सरकले. "सायेब, आपली लाईट कवा बी येती, कवा बी जाती. हितं बसल्या बसल्या हिरीवरची मोटार चालू करंल का त्यो?"

"तत्त्वतः शक्य आहे," मी म्हणालो. (ऑफिसात 'मला माहीत नाही' असं म्हणत नाहीत. तिथं 'तत्त्वतः शक्य आहे' म्हणतात. सवय लागते.)

झालं! त्या दिवसापासून गच्चीवर रोज बैठक बसू लागली. राउटरला अँटेना किती असतील यावर आमची चांगली जुंपायची. माझं मत दोन. तात्यांचं मत पाच. "चार दिशांना चार, आन् एक वर. वरच्या मजल्यावर कसं जायाचं मंग?" हा युक्तिवाद मला पटला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून त्या वेबसाइटवर लिहून टाकलं की, खात्रीलायक सूत्रांकडून कळतं की अँटेना पाच असणार आहेत. लगेच कुठल्यातरी देशातून कोणीतरी उत्तर दिलं, 'हो, मीही तसंच ऐकलंय.' मी धावतपळत घरी आलो.

"तात्या, पाचच! परदेशातून दुजोरा आला!"

"मी म्हन्लो नव्हतो?" तात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

पुढं विहिरीवरच्या मोटारीचंही असंच झालं. तात्यांची इच्छा मी वेबसाइटवर बातमी म्हणून टाकायचो, कोणीतरी परदेशी गृहस्थ त्याला मान डोलावायचा, आणि ती मान मी संध्याकाळी गच्चीवर पुरावा म्हणून सादर करायचो. आठवडाभरात तो राउटर पावसात भिजत नव्हता, चोर आला की ओरडत होता आणि म्हैस कधी विणार तेही सांगण्याच्या बेतात होता.

या सगळ्यात आमच्या घरातलं इंटरनेट मात्र एका निळ्या वायरीनं खिडकीतून आत यायचं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून जायचं आणि कंप्युटरला मिळायचं. वैशाली तिला दिवसातून चारदा अडखळायची.

"साधा वायरलेस राउटर मिळतो म्हणे दुकानात. तो आणा ना!"

"आत्ता? नवीन येत असताना? शुद्ध वेडेपणा आहे हा!"

इतकंच करून मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हिंजवडीच्या चौकातल्या कंप्युटरच्या दुकानदारालाही मी आपणहून सल्ला दिला, "जुना माल भरू नका. पस्तावाल." तो बिचारा माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बघून हो म्हणाला.

अशात संदीपला कासार आंबोलीचं स्थळ सांगून आलं. मुलगी रूपाली. बी.कॉम. झालेली, पुढं कंप्युटरचा कुठलातरी मोठा कोर्स करत होती. त्याचा अभ्यास आणि परीक्षा इंटरनेटवर. तिनं सरळ सांगितलं होतं, "लग्नानंतर मी शिकणार. घरात इंटरनेट असेल तर पुढं बोलू." संदीपनं तिला एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून तो जेवताना भाकरी हातात धरून बसायचा, असं त्याची आई म्हणायची. मुळातच तो कमी बोलणारा. पण एका संध्याकाळी जिन्यात मला गाठून म्हणाला, "सायेब, ही पोरगी मला लई आवडलीया. कायतरी गडबड हुन ती न्हाई म्हनाय नगं." त्याचा चेहरा बघून मला खरंच गलबलून आलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मी आहे ना!"

मी आहे, हीच तर अडचण होती.

शनिवारी दुपारी तात्या जिना चढून वर आले. चेहरा फुललेला.

"सायेब, उद्या पाव्हणं येत्यात घर बघाय. तुमचा त्यो राउटर आमच्या खालच्या खोलीत ठिवा."

"कुठला राउटर?"

"त्योच की! पाच कांड्यांचा! मी पाव्हण्यांना सांगून ठिवलंय, आमच्यात बिनवायरीचं हाय म्हून. गोठ्यापातूर. मोटार बी त्यावरच चालती."

"चालती?" मी खुर्चीवर बसलो. "अहो तात्या, तो अजून आलेलाच नाही!"

"मंग कवा येतोय? उद्या दुपारपातूर?"

वैशालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घालून थेट हिंजवडीचा चौक गाठला. म्हटलं, साधा तर साधा, बिनवायरीचा आहे ना! मोटारीचं बघून घेऊ! दुकानदारानं मला पाहताच हात जोडले.

"एक वायरलेस राउटर द्या. कुठलाही."

"नाही ना साहेब! होते ते मी परत पाठवले. तुम्हीच नाही का म्हणालात, जुना माल भरू नका?" मग आवाज खाली आणून विचारलं, "का हो, नवा आला का?"

पुण्यात जाऊन आणावा, तर सगळ्या मुळशी तालुक्याला त्याच दिवशी पुण्याला जायचं होतं. चौकातली कोंडी हलेना. अंधार पडेपर्यंत उभा राहिलो आणि हात हलवत परतलो.

रविवारी सकाळी तात्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

"सायेब, त्यो डबा कसा दिसतुया, हे कुनी बघितलंय का?"

"कोणीच नाही. फडक्याखाली आहे."

"मंग आपन कायबी ठिवलं तर त्यो न्हाई असं कोन म्हनंल?"

या बोलण्यात कुठं चूक आहे हे मी अजून शोधतोय. (आणि चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.)

काळ्या रंगाचा, चपटा, गोल प्लॅस्टिकचा डबा आमच्या घरात एकच होता. वैशालीचा मसाल्याचा. तिनं आधी साफ नकार दिला, मग संदीपकडे पाहून मसाले काढून दिले. आतल्या सात वाट्या मात्र तळाशी घट्ट बसल्या होत्या, त्या निघेनात. झाकणाला तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरनं भोकं पाडून मी तिच्या स्वेटरच्या सुया खोचल्या. चार दिशांना चार, एक वर. संदीप दारात उभा राहून हे बघत होता. तो एकदाच म्हणाला, "सायेब, हे बरं दिसत न्हाई." मी म्हणालो, "लांबून बरं दिसेल."

पाहुणे आले तेव्हा तो डबा खालच्या खोलीत टीव्हीवर विराजमान होता. लांबूनही फार बरा दिसत नव्हता, कारण तात्यांनी मध्यंतरी त्याची पूजा केली होती. घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लागणार, हार पडणार, नारळ फुटणार! ट्रॅक्टरला करतात, मग याला का नाही? प्रत्येक सुईला हळदकुंकवाचं बोट, मधल्या सुईत जास्वंद. रूपालीची आत्या आत आली, तिनं डब्याला नमस्कार केला आणि मग आम्हाला.

मुलीचे वडील अंकुशराव सावध गृहस्थ होते. पोहे झाले आणि त्यांनी चष्मा चढवला. "हेच का ते?"

"हेच!" तात्या म्हणाले. "सायेब सांगत्याल."

मी घसा साफ केला. वायरलेस लहरी, वेग, भिंती, गोठा. बोलता बोलता मलाच पटायला लागलं. रूपाली एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. अंकुशराव उठले आणि डब्याजवळ कान नेऊन म्हणाले, "आवाज कसा येत न्हाई?" आणि त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

आमच्या सासूबाईंच्या हातचा कांदा-लसूण मसाला धुतल्यानं जाणारा नव्हता. अंकुशरावांनी पहिली शिंक दिली तेव्हा जास्वंद उडाली. दुसरीत चष्मा घसरला. आधार द्यायला तात्या धावले, तेही शिंकायला लागले.

"ह्याला... आक्छी... मसाल्याचा वास कसा काय?"

"गरम झाला की येतो," मी म्हणालो.

"कांदा-लसूण मसाल्याचा?"

"तत्त्वतः..."

तेवढ्यात आत्या पुढं झाली. तिनं आयुष्यात असे डबे हजारदा उघडले असणार. तिच्या हाताला सवयच होती! तिनं झाकण उचललं. आत सात वाट्या. एकीत चार मोहऱ्या चुकून राहिल्या होत्या.

"आन् ह्या वाट्या कशाच्या वं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. वैशालीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"चॅनल," मी म्हणालो. "सात चॅनल आहेत."

रूपालीला हसू आवरलं नाही. ती हसायला लागली आणि थांबेचना. अंकुशराव मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली. "तात्या, आमाला फशिवता व्हय? चल गं पोरी." तात्यांचा चेहरा पांढरा पडला. दारात संदीप उभा होता. त्याच्याकडे बघवेना. मला वाटलं, त्या डब्यात मलाच घालून कोणी झाकण लावावं.

रूपाली उठली नाही. तिनं डोळे पुसले आणि सरळ संदीपला विचारलं, "तुम्ही सांगा. इंटरनेट आहे का घरात?"

संदीप आजवर इतकं सलग कधी बोलला नव्हता. "हाय. वरच्या खोलीत, वायरीचं. मोटार बिटार काय चालत न्हाई त्यावर, ती मी जाऊन चालू करतो. ह्यो डबा वैनींचा मसाल्याचा हाय. सकाळीच मी म्हन्लो व्हतो, बरं दिसत न्हाई. तुमाला पायजे तर वायर खाली ओढून देतो. आत्ताच देतो."

आणि तो गेलासुद्धा! धडाधडा जिना चढला, आमच्या उंबऱ्यावरची निळी वायर कंप्युटरमधून उपसली, खिडकीतून खाली सोडली आणि टोक आणून रूपालीच्या पुढ्यात धरलं. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढून वायर लावली. इंटरनेट आलं. मोटारीचं कोणी काही विचारलं नाही. अंकुशरावांनी लेकीचा चेहरा पाहिला, आणखी एकदा शिंकले, आणि पुन्हा पाटावर बसले. आत्यानं चहा परत मागितला. मला इतका आनंद झाला की आपल्या खोलीत आता इंटरनेट नाही, हे ध्यानात यायला सोमवार उजाडावा लागला.

लग्न झालं, रूपाली नेऱ्यात आली, तिचा कोर्सही पुरा झाला. मधल्या काळात तो राउटर खरोखरच निघाला. त्याला एकही अँटेना दिसत नव्हती, आणि त्याचा जोर आमच्या मोरीच्या दारापर्यंत जेमतेम पोचायचा. मी तो पहिल्याच आठवड्यात घेतला. अख्खा रविवार त्याच्यासमोर मांडी घालून बसलो, पण तो काही चालू होईना. शेवटी वैशालीनं खाली रूपालीला हाक मारली. ती पिठाच्या हातानं वर आली आणि तिनं बोलता बोलता तो चालू करून दिला.

तेवढ्यात तात्या कोणा पाहुण्याला वरच्या खोल्या दाखवायला घेऊन आले. मी राउटर हातात धरून उभा राहिलो.

"हे आमचं वरचं सायेब," तात्यांनी ओळख करून दिली. "कंप्युटरातलेच हायेत."

पाहुण्यानं आदरानं नमस्कार केला. "बरं झालं भेटलात! मला जरा एक इचारायचं व्हतं."

"ह्यांना नगा इचारू, सूनबाईला इचारा," तात्या मायेनं म्हणाले. "जे अजून बाजारात आलं न्हाई, त्यातलंच ह्यांना कळतं."