पंगत न सोडणारे फंडभाऊ

ऊर्जानगरात, आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, जेवणावळ असली की लोक आधी फंडभाऊ कुठे बसलेत ते बघत आणि मग दुसऱ्या टोकाला जागा धरत. त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे अडकणं. रांगेच्या शेवटी कोणी दात पडलेले आजोबा बुंदीचा एकेक दाणा चघळत असायचे, बाकीच्यांचे हात वाळून कोरडे झालेले, मांडव तापलेला; पण कोणी उठायला गेलं की भाऊंचा डावा हात त्याच्या मनगटावर पडायचा. "बसा नं जी. मानूस जेवून राह्यला अजून." मी एकदा बायकांच्या रांगेतून अर्धी उठले, तर त्यांनी समोरून नुसतं पाहिलं. अख्खा वर्ग डोळ्यांनी गप्प बसवणारी मी शाळेतली बाई, मुकाट्याने खाली बसले आणि मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहिली.

त्यांचं क्वार्टर आमच्या क्वार्टरला लागून, मधली भिंत एकच. भाऊ वीज केंद्रात ऑपरेटर होते. उंच, हडकुळे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. त्यांची बायको लीला माझी मैत्रीण. पंगतीचं हे वेड कुठून आलं, असं मी एकदा वैतागून विचारलं, तेव्हा भाऊंनी हसत हसत सांगितलं, "आमच्या बाबाले लोकाइच्या लग्नात मांडवाच्या बाहेर बसवत, बाई. सारी पंगत उठली का मंग वाढत, उरलंसुरलं. बाबा जनमभर घाईघाईनं जेवला, कोनी हाकलीन म्हून. छप्पन साली दीक्षा घेतली अन् वस्तीत पयली पंगत बसली, तवा त्यानं नियम केला. कोनी कोनाले सोडून उठाचं नाई. मोठ्या मानसानं तं अजिबात नाई. अन् उठाच लागलंच, भोंगा झाला, ड्युटी हाय, तं 'सावकाश होऊ द्या' म्हनून, सांगून उठाचं." पंगतीपुरतं मला ते पटलं. पण पंगतीचा हा नियम त्यांनी मुंबईच्या शेअर बाजाराला लावला, तिथे माझी सहनशक्ती संपली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कॉलनीला शेअरचं वारं लागलं होतं. वीज मंडळाच्या बसमध्ये आधी कोळशाच्या राखेवर बोलणं व्हायचं, आता भावांवर व्हायला लागलं. भाऊंनी मात्र कंपन्यांचा अभ्यास वगैरे केला नाही. त्यांनी एकच गोष्ट धरली, मुंबईचा मोठा सरकारी फंड. देशभरच्या लहान लहान लोकांची बचत गोळा करून हा फंड शेअर घेतो, आणि तो ज्या शेअरला हात लावेल तो चढतो, एवढं त्यांना कळलं होतं. तेवढ्यावर ते दिवसभर बोलत, म्हणून त्यांचं नाव फंडभाऊ पडलं. मी म्हटलं, "मग त्या फंडातच पैसे घाला ना, भाऊ. दरवर्षी काही ना काही देतो म्हणतात." तर म्हणाले, "त्यात हळू वाढते, बाई. तो जे घेईन तेच आपन घेतलं तं झालं नं!"

लीलाच्या अंगणात बसून त्यांनी मला बाजार समजावला होता. "हा आपला बाजार म्हंजे गावची बोडी हाय. लहान, उथळ. फंड म्हंजे म्हैस. म्हैस बोडीत उतरली का पानी काठाले येते. आपन काठावरचे बेडूक. पानी आलं का आपन वर." लीला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अन् म्हैस निंगाली म्हंजे?" भाऊंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने काही अभद्र उच्चारलं. "काऊन निंगीन? त्यात पेन्शनवाल्याइचे पैसे हायेत, विधवा बायाइचे हायेत. येवढा मोठा मानूस पंगत सोडून असा उठते का? अन् उठलाच तं सांगून उठीन." त्या बाईने चार शब्दांत अख्खं अर्थशास्त्र विचारलं होतं, आणि तिला उत्तर मिळालं जेवणावळीचं.

लीलाला घर हवं होतं. क्वार्टर सरकारी, भाऊ निवृत्त झाले की सोडावं लागणार, आणि निवृत्ती तोंडावर आली होती. गावाकडे, मूल शहराच्या पलीकडे, दिराच्या घरातल्या दोन खोल्या तेवढ्या होत्या. चंद्रपूरच्या बाहेर एका निवृत्त फॉरेस्ट गार्डचा प्लॉट तिने पाहून ठेवला होता. कोपऱ्यात पेरूचं झाड, शेजारी विहीर. ती मला तीनदा तिथे घेऊन गेली आणि दरवेळी चुलीची जागा बदलली. गार्ड भला माणूस होता. होळीपर्यंत दुसऱ्या कोणाला देत नाही म्हणाला. आणि त्या प्लॉटसाठी साठवलेले पैसे भाऊंनी एका सूतगिरणीच्या शेअरांत घातले होते, कारण फंड त्या गिरणीत शिरल्याचं नागपूरच्या दलालाने सांगितलं होतं.

बरं, शेअर चढला नाही असं नाही. चांगला दुपटीवर गेला. बॉयलरवरच्या शेखभाईंनी आपले तेच शेअर विकून मोकळं होऊन पोरीचं लग्न केलं. भाऊ त्यांनाही अडवायला गेले होते, "थांब नं गा, फंड बसला हाय अजून." शेखभाई थांबले नाहीत, ते पंगतीतही भाऊंपासून लांबच बसत. मग मी लीलाच्या बाजूने भांडायला गेले. म्हटलं, "भाऊ, प्लॉटचे पैसे झाले. विका आणि मोकळे व्हा."

"फंड उठला का मी उठतो, बाई."

"अहो, तो उठला हे तुम्हाला कळणार कसं? मुंबईचा पेपर इथे दुसऱ्या दिवशी येतो!"

"कळते. येवढा मोठा उठला तं आवाज होते."

मी घरी येऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

मग भाव उतरायला लागला. आधी थोडा, मग रोज. मी मधल्या भिंतीला कान लावून असायची, आता तरी विकतील, उद्या तरी विकतील. पण भाऊंचं एकच, "पाऊस कमी झाला म्हून उतरून राह्यला. फंड हाय नं आपला." आपला! त्या फंडाला ऊर्जानगर कुठे आहे हे तरी ठाऊक होतं का? लीलाने बोलणं सोडलं. ती भाजी वाढायची, ताट सरकवायची आणि आत निघून जायची. होळी जवळ आल्यावर मीच हट्ट धरला आणि भाऊंबरोबर नागपूरला दलालाकडे गेले.

दलालाचं ऑफिस म्हणजे इतवारीत जिन्याखालची एक खोली. तिथला कारकून सुपारी कातरत होता. भाऊंनी नम्रपणे विचारलं, "सूतगिरणीत फंड अजून बसला हाय नं जी?" तो हसलासुद्धा नाही. "कौनसा फंड? अरे भाऊ, वो तो कब का निकल गया. पोळ्याच्या आधीच पुरा माल विकला त्यानं. म्हून तं भाव पडला नं! तुमाले कोनी सांगतलं नाई?" आता जो भाव उरला होता त्यात प्लॉट सोडा, विहिरीचा रहाटसुद्धा आला नसता. भाऊंनी तरीही कारकुनाला नमस्कार केला. हे मला सर्वांत असह्य झालं.

परतीच्या बसमध्ये मी जांब गाव येईपर्यंत बोलले. जे जे तोंडाला आलं ते सगळं बोलले. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. वरोरा आल्यावर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता पैशाचं काही म्हणतील, लीलाला कसं सांगू म्हणतील. तर म्हणाले, "उठाचं होतं तं उठाचं. पन 'सावकाश होऊ द्या' येवढं तरी म्हनाचं होतं नं, बाई?" मला त्यांना बसमधून ढकलून द्यावंसं वाटलं आणि रडूही आलं. मी पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं.

पेरूचं झाड दुसऱ्याचं झालं. लीलाने मला एवढंच सांगितलं, "चूल पूर्वेले चांगली दिसली असती." पुढच्या जयंतीच्या जेवणात भाऊ तसेच बसले, तसाच डावा हात, तसेच कोणीतरी आजोबा. मी रागाने बघत होते. एवढं होऊनही हा माणूस काही शिकला नाही! शेखभाई मात्र त्या दिवशी आपणहून त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि आजोबांचं होईपर्यंत हलले नाहीत.

भाऊ निवृत्त झाले आणि दिराच्या त्या दोन खोल्यांत जायला त्यांनी क्वार्टर सोडलं ते ऐन दुपारी. ट्रकवाला लवकर आला होता आणि सारखा हॉर्न मारत होता. भाऊ एकटे आमच्या दारात आले, तेव्हा आम्ही सगळे पानावर बसलो होतो. लीला ट्रकमध्ये पुढे बसली होती, मांडीवर पेरूचं रोप, गार्डने दिलेलं. मी भरल्या हाताने उठायला लागले.

"उठू नका, बाई," भाऊ म्हणाले. त्यांनी हात जोडले, पानावरच्या प्रत्येकाकडे पाहिलं, माझ्या धाकटीकडेसुद्धा. "आमाले निंगा लागते. सावकाश होऊ द्या."

आणि ते गेले. ट्रक वळल्याचा आवाज आला. ज्या फंडाने सांगून उठायला हवं होतं तो न सांगता उठला होता, आणि ज्याचं सगळं गेलं तो आम्हाला सांगून उठला. मी हातातला घास तसाच धरून कितीतरी वेळ त्यांच्यावर चिडत बसले.