बुटांची राखण

ठाण्याला तलावाकाठच्या देवळाबाहेर तो रोज सकाळी बसायचा. लोकांच्या चपला राखायचा, पैसे घ्यायचा नाही. प्रत्येक जोड फडक्यानं पुसून, तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचा. पूर्वी बोटीवर कोळसा टाकणारा कोकणातला खलाशी, एवढंच मला ठाऊक होतं.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना मामांचे बूट उसने घालून मी देवळात गेलो. "हरवलेस तर तोंड दाखवू नकोस," मामांनी बजावलं होतं. बाहेर आलो तर बूट चकाकत होते.

"एवढं कशाला हो, काका?"

तो म्हणाला, "माल्टा बेटावर एक दिवस सुट्टी मिळालेली. किल्ला पाहिला, बंदर पाहिलं. मोठ्या घुमटाचं चर्च पाहायला गेलो, नि देवळासारखे बूट दाराबाहेर काढले. तासाभरानं येतो, तर एक म्हातारी माझे बूट हातात घेऊन उन्हात उभी! कोणी नेऊ नयेत म्हणून. आभार कुठल्या भाषेत मानायचे तेच कळेना. तसाच आलो बघा."

मला नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तेव्हा तो दर्शनाला आत गेला होता. पायरीशी त्याच्या झिजलेल्या वहाणा होत्या. मी त्या रुमालानं पुसल्या, हातात घेतल्या आणि तो येईपर्यंत उन्हात उभा राहिलो.