चावी संपायच्या आत

नगरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. माझे वडील, म्हणजे अण्णा, दिवसभर डोळ्याला भिंग लावून काउंटरमागे बसायचे. त्यांच्याशी बोलायचं तर आधी खाकरायला लागायचं. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ असे आम्ही तिघं मात्र बोलून बोलून घर डोक्यावर घ्यायचो.

भावाला आगगाडीचं वेड. छावणीतल्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावरून भंगारात आलेली चावीची खेळण्यातली गाडी त्याने जुन्या बाजारातून पैदा केली, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या गणपतीपुढची आरास म्हणजे त्याची आगगाडी, हे ठरून गेलं. जुन्या दाराची फळी आडवी टाकायची, तिच्यावर रूळ, गोणपाट मातीत बुडवून केलेले डोंगर, हिरवा रंग दिलेला भुसा. आधी नुसती गाडी फिरायची. मग म्हणाला, "ताई, स्टेशनवर माणसं हलली पाहिजेत. नाहीतर ते स्टेशन कसलं, ती तर जेवणाच्या सुट्टीतली कचेरी." मग घड्याळांची निकामी चक्रं फळीखाली बसली. चक्राला खिळा, खिळ्याला तार, आणि वर तारेच्या टोकाला पत्र्याचा माणूस. चक्र फिरलं की तार वरखाली आणि माणसाचा हात वरखाली. भेळवाला कागदी डबा हलवायला लागला, विहिरीवरची बाई पोहरा ओढायला लागली. गल्लीतली पोरंच काय, मोठी माणसंसुद्धा रांग लावून यायची.

अण्णा म्हणायचे, "पोरखेळ." पण रात्री दुकान मिटताना एकदा वाकून फळीखाली बघायचे. मी पाहिलंय.

मग एका पावसाळ्यात घात झाला. फाटकवाल्याचा हिरवा बावटा वर-खाली व्हायला हवा होता, आणि त्याला लागणारं चक्र निकामी घड्याळांत सापडेना. भावाने दुरुस्तीला आलेल्या एका गजराच्या घड्याळातून ते काढलं. उद्या परत लावतो, असा हिशोब. गिऱ्हाईक त्याच दिवशी घड्याळ न्यायला आलं. अण्णांनी मागचं झाकण उघडलं, आत बघितलं, उठून मागे आले, पोराला दंडाला धरून दुकानात नेलं आणि गिऱ्हाइकापुढे थोबाडीत मारली. चांगला अठरा वर्षांचा बाप्या, मिशी फुटलेली. "चालता हो," म्हणाले. "जा. मला तोंड दाखवू नकोस."

तो आत आला. पिशवीत दोन कपडे टाकले. आई दारात उभी. तिला वाटलं, पोरगा मित्राकडे जाईल, संध्याकाळी भूक लागली की येईल. म्हणून ती अडवत नव्हती, फक्त एवढंच म्हणत होती, "जातो म्हणू नये रे. येतो म्हण."

"जातो," तो म्हणाला. मोठ्याने, दुकानापर्यंत ऐकू जाईल असं. "जातोच."

आणि गेला.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. कुणी म्हणायचं मनमाडला चहाच्या टपरीवर दिसला, कुणी म्हणायचं दौंडला. अण्णा दोन्हीकडे जाऊन हात हलवत परत आले. घरात त्याचं नाव काढायचं नाही असा काही त्यांनी हुकूम सोडला नव्हता, पण आपोआप तसंच झालं. संध्याकाळी मात्र दुकान मिटलं की टोपी घालून निघायचे. "स्टेशनचं घड्याळ बघून येतो, दुकानातली मिळवायला हवीत." वर्षानुवर्षं दुकानातली घड्याळं रेडिओवर मिळवत आलेला माणूस! मनमाडकडून गाडी येऊन गेली की परत यायचे. घड्याळाला कुणी हातही लावायचं नाही.

बहात्तर सालचे गणपती जवळ आले. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिलेला, गावोगावची माणसं खडी फोडायच्या कामावर, आमच्या नळाची धारही करंगळीएवढी. यंदा आरास नको, असं आई म्हणाली. अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरची फळी स्वतः खाली काढली.

खरं सांगते, तेव्हा माझा संतापच झाला. ज्या पोरखेळापायी पोराला हाकललं, तोच आता हे स्वतः करत बसणार! पण ते करत होते खरे. भावाने चक्रं ठोकून ठोकून बसवली होती, अण्णांनी ती उखडून पुन्हा नीट जुळवली. भेळवाल्याचा हात आता अडकत नव्हता. फाटकवाल्याचा बावटा, जो भावाला जमला नव्हता, तो गाडी जवळ आली की आपोआप वर. आणि फलाटावर एक नवीन मूर्ती: पत्र्याची बाई, हिरवं लुगडं, उजवा हात सावकाश वरखाली. तिच्यासाठी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचं अख्खं यंत्र फळीखाली बसवलं. सकाळी एकदा चावी दिली की हात दुसऱ्या सकाळपर्यंत हलत राहायचा.

हे कुणासाठी चाललंय ते घरात सगळ्यांना कळत होतं. गणपतीच्या दिवसांत तो जिथे असेल तिथून येणार, निदान लांबून आरास बघून जाणार. आईचीही मनातून तीच आशा. बोलत कुणी नव्हतं.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी आमची दूधवाली, केडगावच्या पलीकडच्या मळ्यातली, आरास बघायला आत आली. हिरव्या भुशाकडे बघून म्हणाली, "बया, हितं तरी हिरवं हाय." मग फलाटावरच्या बाईकडे बोट केलं. "आन् ही कुनाला घालवाया आलीया?"

आईने दुधाचं भांडं तसंच खाली ठेवलं. दूधवाली गेल्यावर ती फळीसमोर जाऊन उभी राहिली. बाईचा तळवा समोर होता, टाटा करताना असतो तसा. अण्णांना वाटत होतं ते हाक मारतायत, आणि हात म्हणत होता, जा.

"अहो, इकडे या," आई म्हणाली. मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. "ही बाई म्हणजे मीच ना?"

अण्णा फळीपाशी येऊन उभे राहिले.

"मी कधी त्याला जा म्हटलं? मी दारात येतो म्हण, येतो म्हण करत होते. मला कशाला उभी केलीत इथे? ज्यानं जा म्हटलं, त्याचा हात हलू दे."

मला वाटलं, आता ताट-वाट्या उडणार. अण्णांनी खिशातून पेचकस काढला, बाई उपटली आणि दुकानात घेऊन गेले. दुपारपर्यंत लुगडं खरवडून गेलं होतं. त्याजागी काळा कोट, काळी टोपी, आणि डोळ्यांवर तारेचा चष्मा. तळवा आता जमिनीकडे होता आणि बोटं आत वळत होती. ये, ये. लांबूनही ओळखू यावेत असे अण्णा. लोक हसले, गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ते मान खाली घालून काउंटरमागे बसून राहिले.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी तो आला.

रांगेतच उभा होता, लोकांमागे. वाळला होता, काळा पडला होता. मी ओरडणार तेवढ्यात त्याने मान हलवली, म्हणून गप्प राहिले. रांग सरकत तो फळीपाशी आला आणि वाकून त्या पत्र्याच्या माणसाकडे बघत राहिला. टोपी बघितली, चष्मा बघितला, हात बघितला. मागचे लोक कुरकुरायला लागले तरी हलेना. मग आईने त्याला बघितलं आणि पुढचं काही विचारू नका.

अण्णा उठून आले. बापलेक समोरासमोर. माझा जीव कानात गोळा झाला. आता म्हणतील, ये बाबा. एकच शब्द.

"फाटकाचं चक्र लहान घेतलं होतंस तू," अण्णा म्हणाले. "म्हणून बावटा अडकत होता."

"हो," तो म्हणाला. जरा थांबला. आणखी थांबला. अण्णांनी रुमालाने भिंग पुसायला घेतलं.

तेव्हा भाऊ फळीखाली वाकला, त्या हाताच्या यंत्राची चावी शोधली आणि गच्च होईस्तोवर दिली. "केडगावला मित्राकडे सामान ठेवलंय, घेऊन येतो," तो आईला म्हणाला. "चावी पूर्ण दिलीय. संपायच्या आत येतो."

येतो म्हणाला! आई वेडीच झाली. तांदूळ निवडायला घेतले, गूळ काढला. मी अण्णांना म्हटलं, "तोंडाने का नाही म्हणालात? पत्र्याचा हात किती दिवस हलवणार?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी तशी बोलले. ते दुकान मिटायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, विसर्जनाची तयारी चालली होती. तो आला नव्हता. केडगावच्या मित्राकडे मी जाऊन आले, तिथे सामान नव्हतं, तोही नव्हता. परत आले तर आई फळीसमोर बसलेली. हात मंदावला होता. वर जायचा तो अर्ध्यात थबकायचा, मग खाली.

"अहो, थांबतंय की हो ते!"

अण्णा पूजेचं ताट टाकून धावले. पोटावर पडून फळीखाली शिरले आणि चावी दिली. हात पुन्हा नीट हलायला लागला. बाहेर येऊन, कपाळाला भुसा चिकटलेला, ते आईला म्हणाले, "संपली नाही. संपायच्या आत येतो म्हणालाय ना? मग अजून उशीर झालेला नाही."

फळी त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडवली. तो माणूस यंत्रासकट, चालता, उचलून दुकानात नेऊन ठेवला आणि रोज सकाळी घड्याळांआधी त्याला चावी द्यायला लागले. आई गेली त्या दिवशीही दिली. भाऊ पुन्हा आला नाही. अण्णा गेले, दुकान बंद झालं, आता तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात डब्यांशेजारी उभा असतो. टोपीचा रंग उडालाय. मला दोघांचाही राग येतो, खोटं कशाला सांगू. एकाला एक शब्द बोलवला नाही, आणि दुसऱ्याला तेवढ्या शब्दावाचून राहवलं नाही.

सकाळी दूध तापत ठेवते आणि चावी देते. अजून संपू दिलेली नाही.