हवेच्या पाइपातलं तेल

“अन् बोनेट उघडून तुले काय भेटन? तो भेटन?”

मंगलाबाईचा आवाज ओसरीतून थेट रस्त्यापर्यंत गेला. मागच्या अंगणात धानाच्या तणसाच्या ढिगाजवळ हर्षा गाडीवरच्या ताडपत्रीची दोरी सोडत होती. गाठ पावसापाण्यानं घट्ट बसलेली. तिनं दातांनी ओढली.

“भेटणार तर नाही. पण उद्या गाडीचं गिऱ्हाईक येऊन राहिलं. त्याच्या आधी एकदा पाहून घेऊ.”

“वर्षभर पाहलं नाही, आता काहून पाहतं? त्या गाडीत कोनीतरी बसलं आहे, बाई. माह्या पोराले खाल्लं तिनं. आता तुले पायजे का तिले?”

“आई, दोन गोष्टी एकदम सांगू नका. गाडीत कोणी बसलं होतं म्हणता, तर मग तो दारू पेला होता असं कायले म्हणता?”

“मी नाही म्हणत. गाव म्हणते.”

“मी म्हणतो.” ओसरीच्या खांबाला टेकून बसलेला डोमा बोलला. हर्षाचा सासरा दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायचा, त्यातलं हे एक ठरलेलं. “पेलाच होता. शुद्धीतला मानूस चालत्या गाडीची चावी काहाडत नाही.”

चावी हर्षाच्या नवऱ्याच्या, विनोदच्या, मुठीत सापडली होती, हे खरंच होतं. मागच्या वर्षी एका संध्याकाळी एकोडीच्या तलावाच्या पाळीवरच्या रस्त्यावरून गाडी सरळ खाली उतरली होती. वळणावर ती वळलीच नाही. म्हशी चारणाऱ्या पुंडलिकरावांनी सारं पाहिलं होतं आणि नंतर ते बाजारात, लग्नात, जिथं चार माणसं जमतील तिथं सांगत राहिले. मागून पांढराफटक धूर, गाडी रेड्यासारखी ओरडत असलेली. विनोद काचेवर डोकं आपटून गेलेला, चावी मुठीत, आणि गाडी तरीही ओरडतच. शेवटी नाक चिखलात खोल रुतलं, तेव्हा दम कोंडल्यासारखी थांबली.

गावानं त्याचे दोन अर्थ लावले. अर्धे म्हणाले, प्यायला होता. अर्धे म्हणाले, गाडी जुनी घेतलेली, नंबरपाटी गोंदियाची आहे, जिल्हा वेगळा झाल्यापासून तिकडचं कोणाचं काय घेऊन येते कोणास ठाऊक. डोमाला भूत मानता येत नव्हतं. छप्पन सालानंतर त्याच्या बापानं घरातले देव नदीत सोडले होते, आणि डोमा स्वतः विहारात वंदना सांगायचा. म्हणून त्याच्या वाट्याला दारू उरली. विनोद गेल्यापासून पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी, दारूच्या, त्याचा आवाज इतका खाली जायचा की मागच्या बायका आपल्या आपणच पुढं म्हणून मोकळ्या व्हायच्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक विनोदबद्दल दोन शब्द बोलले. बाप बोलला नाही.

हर्षा पवनीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला रोवणा, धानाची लावणी, येत नव्हता. पहिल्या वर्षी धानाच्या बांधीत तिची ओळ सापासारखी वाकडी गेली म्हणून बायका हसल्या होत्या, दुसऱ्या वर्षी त्याच तिची ओळ पाहून आपली सरळ धरायला लागल्या. आता ती शाळेत खिचडी शिजवायची. शाळेपलीकडे धान भरडायची गिरणी. तिच्यातलं धान संपलं की यंत्र मोकळं पळतं आणि त्याचा आवाज चढत जातो. तो आवाज चढला की हर्षाच्या हातातला झारा थांबायचा. खिचडी दोनदा करपली. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, लाकडं ओली होती.

त्या आवाजाला ती थबकायची, कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. मरणाच्या आठवडाभर आधी विनोद जेवताना म्हणाला होता, “आज चावी बंद केली, तरी गाडी चालूच. भुरभुर करत राहिली जराशी.” हर्षानं भात वाढता वाढता म्हटलं होतं, “तुह्यासारखी आहे. सांगून आयकत नाही.” दोघं हसले होते. हे तिनं सासऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “बायको अशीच बोलन.”

दुपारी साकोलीहून इश्वर मिस्त्री आला. पोट सुटलेला, बोलका, विनोदच्या ओळखीचा.

“वहिनी, चिखलात गेलेल्या गाडीत काय पाहाचं? बेडकं निघतीन.”

“निघू द्या.”

बोनेट उघडलं तशी मंगलाबाई आत निघून गेली. इश्वरनं हवा गाळायची डबी काढली. तिच्यात वाळका चिखल होता. मग इंजिनाकडे हवा नेणारा जाड रबरी पाइप सैल करून ओढला, आणि त्याची बडबड थांबली.

“काय झालं?”

“हात घालून पाहा.”

हर्षानं बोटं आत घातली. तिला वाटलं, कोरडं असेल, धूळ असेल. आत मऊ, थंड, चिकट काहीतरी होतं. पाइपाच्या खालच्या अंगाला गोगलगाईच्या पोटासारखा जाड थर. बोटं बाहेर आली ती काळी होऊन, आणि वर्षभरानंतरही त्यांना त्या संध्याकाळच्या जळक्या धुराचा वास होता. तिनं हात अंगापासून दूर धरला.

“हे तेल आहे,” इश्वर म्हणाला. “इंजिनातलं. याची जागा खाली आहे, इथं नाही. इथून फक्त हवा जाते. हवेसंगं तेल गेलं तर डिझेलची गाडी तेच जाळते, तेच खाऊन पळते. मग चावीले कोण इचारते? चावी डिझेल बंद करते, वहिनी. तेल नाही.”

“चावी काढली तर?”

“चालत्या गाडीत काढली, तर स्टेअरिंग जाम.”

हर्षाला तलावाची पाळ दिसायला लागली. चढत जाणारा आवाज, मागं धूर, समोर वळण. त्यानं चावी फिरवली असेल. थांबली नाही. पुन्हा फिरवली असेल, आणि मग घाबरून उपटलीच असेल. शुद्धीतला माणूस.

इश्वरनं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, पुसली, पुन्हा घालून ओढली. “अबब! खुणेच्या किती वर! इतकं गेल्यावरही इतकं उरलं. एवढं टाकत कोण होतं हो?”

हर्षानं मागं ओसरीकडे पाहिलं नाही. तिला दिसलं ते दुसरंच. बैलजोडी विकून गाडी आली तेव्हा डोमा बोलणं टाकून चार दिवस रिकाम्या गोठ्यात जाऊन बसला होता. जवसाचं तेल बांबूच्या नळीनं बैलाच्या घशात ओतणारा माणूस तो; कामाचं जनावर तेलावर तगतं, हे त्याचं शास्त्र. मग दर बाजारच्या दिवशी, विनोद निघायच्या आधी, तो बोनेट उघडायला लावायचा आणि डब्यातलं इंजिनाचं तेल धार धरून ओतायचा. “बाबा, हा बैल नोहे,” विनोद म्हणायचा. “तोंड आहे ना तिले? मंग पिऊ दे.” विनोद हसून ओतू द्यायचा, बाप पुन्हा बोलायला लागला होता, तेवढ्यात त्याला समाधान. डबा धरायला हर्षाच उभी असायची.

“कोण टाकत होतं?” इश्वरनं पुन्हा विचारलं.

“चहा घेता ना, भाऊ?”

“चहा कोण नाही म्हणते. पन—”

डोमा कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नाही. तो पाइपाकडे पाहत होता, मग हर्षाच्या बोटांकडे. “काय निघालं?”

“तेल,” इश्वर म्हणाला. “तेलानं पळाली, काका. तुमचा पोरगा शुद्धीत होता. जास्तीचं तेल—”

डोमानं तणसाला हात लावला. तणस हाताखाली दबत गेलं, तसा तो खाली बसत गेला. दारात मंगलाबाई उभी होती. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

“म्या तं...” डोमा म्हणाला.

इश्वर एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला आणि मग आपले पाने आणि पक्कड गोळा करायला लागला.

हर्षाला वर्षभर याच क्षणाची भूक होती. काय काय बोलायचं ते तिनं गिरणीच्या आवाजाखाली शंभर वेळा जुळवलं होतं. आता सासरा समोर भुईवर बसला होता.

तिनं हात तणसाला पुसला. काळं गेलं नाही.

“उद्या गिऱ्हाईक आलं की गाडी देऊन टाकाची,” ती म्हणाली. आवाज खिचडीत मीठ किती घालायचं ते सांगताना असतो तसा. “विनोद पेला नव्हता, हे मी रविवारी विहारात सगळ्यांसमोर सांगीन. गाडी जुनी होती म्हणीन. तेल कोणी टाकलं, ते मी सांगणार नाही. बाबा, तुम्हीही सांगाचं नाही.”