ताटासमोरची जागा

माझ्या भाचीनं वजन उतरवायला पोट लहान करून घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. परवा तिला भेटायला गेले तर वाटीभर मुगाची खिचडी पुढ्यात घेऊन रडकुंडीला आलेली. "मावशी, चावून चावून जबडा दुखतो गं. जेवणात जीवच राहिला नाही." मी म्हटलं, अगं, हे सगळं माझ्या घरात होऊन गेलंय. तुझ्या काकांचं पोट तर त्यांनी मागितलं नसताना कापलं होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही खामगावात दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे, मी आणि सासूबाई. हे एका तेलाच्या गिरणीत फिटर होते. जेवायच्या सुट्टीत घरी यायचे आणि भोंगा व्हायच्या आत परत पळायचे, त्यामुळे जेवण म्हणजे भट्टीत कोळसा लोटल्यासारखं. बसले की उठले. दुपारी ताटात काय होतं हे संध्याकाळी विचारलं तर सांगता यायचं नाही. खायला मात्र गडी दांडगा. उंद्रीला माझ्या माहेरी रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण असलं की वाढणारे यांच्यासमोर टोपलीच ठेवून पुढं जायचे, आणि मला केवढा अभिमान वाटायचा. कशाचा, ते आता विचारू नका.

त्याच पोटात व्रण झाला. रक्ताची उलटी झाली तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात हलवलं, आणि तिथल्या सर्जननी जठराचा मोठा भाग कापून काढला. घरी सोडताना त्यांनी मला समोर बसवून समजावलं. पिशवी लहान झालीय. एका वेळी वाटीभरच, पण दिवसातून पाच-सहा वेळा. घास तोंडातच पातळ झाला पाहिजे. जेवताना पाणी नाही. गोड जवळजवळ नाहीच. दही, वरण, चालत असेल तर अंडं. "एवढं शिकले तर चांगले जगतील," ते म्हणाले. नाही शिकले तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. यांचा सदरा तेव्हाच खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता.

घरी आलो. सासूबाईंनी लेकाकडे एकदा बघितलं आणि कंबर कसली. पोट कापलं, रक्त गेलं, माणूस बाजेवर पडला, म्हणजे त्यांच्या लेखी ती बाळंतीणच. आणि बाळंतिणीला काय द्यायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बाजेखाली शेगडी ठेवायची तेवढी बाकी राहिली! मी धुणं घेऊन विहिरीवर गेल्याचं पाहून त्यांनी डिंकाचा लाडू काढला, गुळाचा शिरा केला, वर तुपाची धार सोडली.

"खाय बाप्पा. डॉक्टरले काय समजते? त्यानं कधी कोणाचं बाळंतपण काढलं का?"

आईचं मन मोडवेना म्हणून, आणि खरं सांगायचं तर जीभ चळली म्हणून, यांनी बशी साफ केली. मी ओले कपडे घेऊन परत आले तर हे जमिनीवर आडवे. अंग घामानं निथळतंय, छाती धडधडतेय, चेहरा पांढराफटक. सासूबाई उशाशी बसून शेगावच्या महाराजांचा धावा करत होत्या. मला वाटलं, संपलं. कपड्यांचा पिळा हातात तसाच धरून मी उभी राहिले.

बऱ्याच वेळानं ते उठून बसले. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. "लाडू चारून मारता काय तुमच्या लेकाले?" त्या काळी सासूला असं बोलायची सुनेची छाती नव्हती. पण त्या उलटून बोलल्या नाहीत. पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाल्या, "मले वाटलं, अंगात ताकद येईन वं." मलाच रडू आलं. लाडवांचा डबा त्यांनी स्वतःच्या हातानं उचलला आणि गल्लीतल्या एका खऱ्याखुऱ्या बाळंतिणीला देऊन टाकला.

गोडाचं मिटलं, पण घाईचं काय? वाटीभर मऊ भात समोर ठेवला तरी हे तो चार घासांत संपवायचे आणि मग पोट धरून वाकून बसायचे. कधी कधी सगळंच बाहेर यायचं. मी उभी राहून "हळू, हळू" करायची आणि ते चिडायचे. "तू पोलिसावानी उभी राहू नको!" दिवसेंदिवस वाळतच चालले होते. आंघोळीला पाठ चोळताना मणके हाताला लागायचे. मला भीती वाटायची, दुसरं काही सुचायचंच नाही. ऑपरेशनातून वाचलेला माणूस माझ्याच घरात, भरल्या ताटापुढं, जेवता येत नाही म्हणून जाणार की काय?

आमच्याकडे पुरुष आधी जेवायचे, बायका मागून. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. एका दुपारी यांचं उरकल्यावर मी आणि सासूबाई बसलो. एरवी हे त्या वेळी गिरणीत असायचे, त्यामुळे आमचं जेवण त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. आम्ही घासागणिक बोलायचो. त्या दिवशी शेजारच्या घरातली नवी सून हा विषय होता. सासूबाई बोलण्याच्या नादात वरणात बुडवलेला तुकडा तोंडात घालायचं विसरायच्या. हे बाजेवरून उतरून आमच्याजवळ येऊन टेकले.

"तुमचं जेवण सरतच नाही काय वं?" असं म्हणत त्यांनी माझ्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. गोष्ट ऐन रंगात आली होती. हे तुकडा चघळत ऐकत राहिले. मग दुसरा घेतला. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही गोष्ट मुद्दाम लांबवली, त्या बिचाऱ्या सुनेच्या आजोळापर्यंत जाऊन आलो. त्या दुपारी खाल्लेलं सगळं यांच्या पोटात राहिलं.

संध्याकाळी यांचं ताट मांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता तुहं बी वाढून घे. बैस त्याच्यासमोर."

"मी? यायच्यासंग?"

"एकटा माणूस भराभराच खाते. तू बोलत बैस. भाकरीचं मी पाहीन."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि मी पहिल्यांदा नवऱ्यासमोर ताट घेऊन बसले. मला घासच उचलवेना. बोहल्यावरसुद्धा एवढी लाजले नव्हते. हे म्हणाले, "तू खात नाहीस तं मी कोणासंग हळू खाऊ?"

मग रोज तसंच. घास तोंडात असेपर्यंत ऐकायचं, गिळल्यावर बोलायचं. छातीखाली दाटल्यासारखं झालं की थांबायचं, मग ताटात उरलं तरी हरकत नाही. ताट पुसून खाणाऱ्या माणसाला हे फार जड गेलं. उरलेलं माझ्या ताटात यायचं, त्यामुळे त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं तेव्हा माझ्या अंगावर पसाभर चढलं होतं. संध्याकाळी आम्ही बाजाराच्या टोकापर्यंत पायी फिरून यायचो. शेजारणी हसायच्या, हसू देत! होता होता गिरणीतून कामावर या म्हणून निरोप आला.

कामावर जायच्या आदल्या दिवशी आम्ही जेवत होतो. उद्या मधल्या वेळच्या खाण्यासाठी डब्यात काय काय द्यायचं ते मी सांगत होते. हे ऐकता ऐकता चुलीकडे बघायला लागले. सासूबाई घामाघूम होऊन भाकरी थापत होत्या. या माणसानं जन्मभर इतक्या घाईनं खाल्लं होतं की वाढणाऱ्या हाताच्या वर त्यांची नजर कधी गेलीच नसावी.

"माय, तू कधी जेवतंस?"

"तुमचं झाल्यावर. आणखी कधी?"

"नाही. आता बैस."

"भाकर करपन ना रे."

मी उठले, त्यांना हाताला धरून माझ्या पाटावर बसवलं, त्यांचं ताट वाढलं आणि चुलीपाशी गेले. फुगलेली भाकरी तव्यावरून काढून त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी बोटं भाजत तुकडा मोडला, तेल-तिखटाला लावला, आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या.

"गरम भाकर अशी लागते होय रे," त्या म्हणाल्या.

हे तोंडातला घास तसाच धरून आईकडे बघत बसले. तो घास काही केल्या त्यांच्या गळ्याखाली उतरेना, आणि त्यात पोटाचा काही दोष नव्हता.