दमणीमागे पळवलेला भाऊ

माझा धाकटा भाऊ गणपत शर्यत हरला, आणि त्या हरण्याची तयारी मी महिनाभर रोज सकाळी त्याच्याकडून स्वतः करून घेतली होती.

कापसाला सोन्याचे दिवस आलेले. मुंबईचा भाव तारेनं बडनेरा स्टेशनात उतरायचा आणि तिथून तीन कोस अमरावतीच्या बाजारात पळत यायचा. म्हणजे चिठ्ठी घेऊन हरकारा पळायचा. गुलाबशेठ दलालांना असा एक हरकारा हवा होता. तिघं उमेदवार. बडनेऱ्याहून निघून शेठच्या हातात चिठ्ठी जो आधी देईल, त्याला नोकरी. आणि अकोल्याच्या सोयऱ्यांनी निरोप पाठवला होता, की नोकरी लागली तरच मुलगी देऊ. गणपतनं मुलगी एकदाच पाहिली होती; पण तेव्हापासून तो भाकरी मोजून खायला लागला होता.

मी यादी केली. (मी प्रत्येक गोष्टीची यादी करतो. याद्यांचीही एक यादी आहे.) पहाटे तिळाच्या तेलाची मालिश, मग दूध, मग दमणीत, आमच्या हलक्या बैलगाडीत, बसून बडनेरा, आणि येताना गणपतनं दमणीमागे पळायचं. बैलांच्या चालीला चाल लावली की दम टिकतो, हे माझं शास्त्र. मी दमणीत तक्क्याला टेकून एका हातानं बैल हाकायचो, दुसऱ्यानं यादीवर खुणा करायचो, आणि मागं गणपत धापा टाकायचा. महिन्यात एकही खूण चुकली नाही!

शर्यतीच्या दिवशी मी बाजारात शेठजवळ उभा होतो. पहिला आला तो दुसराच कोणी. मग उरलेला उमेदवार आला. मग बराच वेळ कोणीच नाही. शेवटी गणपत आला, अगदी ताजातवाना, घामाचा थेंब नाही. शेठ म्हणाले, "हा तं फिरायले गेलता वाटते."

सगळा बाजार हसला. आणि मी, चारचौघांत मान वाचवायला, म्हणालो, "शेठ, याचं अंगच आळशी आहे. माझ्या तयारीत कसर नव्हती."

गणपतनं चिठ्ठी शेठच्या हातात ठेवली आणि घरची वाट धरली.

घरी बायकोनं त्याला ताट वाढलं आणि सरळ विचारलं, की भाऊजी, पाय दुखत होते काय.

"नाई वयनी. लोहारापर्यंत मीच पुढं होतो. तिथं पाय थांबले. मग विहिरीपाशी थांबले. मग बाभळीखाली. ठरवून नाई, आपोआप. जराशानं आपोआपच निघाले."

"तिथंच काहून?"

"बैल तिथंच थांबतेत ना रोज."

बायकोनं भाकरी परतली. मग माझ्याकडं पाहिलं. "अन् बैलाइले ते सवय कोनं लावली?"

मी यादी काढली. यादीत थांबे नव्हते. पण लोहाराशी माझ्या गप्पा होत्या, विहिरीवर पाणी होतं, आणि बाभळीखाली तंबाखू मळायची होती. बैल माझ्याकडून शिकले, आणि माझा भाऊ बैलांकडून.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. जितक्या माणसांसमोर त्याला आळशी म्हटलं होतं, तितकी जमेपर्यंत थांबलो आणि शेठना सगळं सांगितलं: लोहार, विहीर, बाभूळ, तंबाखू. आदल्या दिवसापेक्षा लोक जास्त हसले. शेठनी डोळे पुसले आणि म्हणाले, "भाव दिवसातून दोनदा बदलून राहिला, मले दोघं लागतेत. पंधरा दिवसांनी त्याले पळव. पन तू घरी राय."

मी नवी यादी करायला बसलो. मालिश ठेवली, दूध ठेवलं. दमणी खोडली, बैल खोडले. तरी बायको उभीच.

"अजून काही राहिलं काय?" मी विचारलं.

"हाकनारा," ती म्हणाली.

गणपत पंधरा दिवस एकटा पळाला. लोहारापाशी पाय अडखळायचे, तेव्हा तो म्हणे मोठ्यानं अकोला अकोला करायचा. त्या खेपेला तो शेठकडं पोचला, तेव्हा त्याच्याबरोबरच सुटलेला, आधी नोकरी मिळालेला गडी अजून बाभळीपाशीच होता.

लग्न अकोल्याला ठरलं. वऱ्हाड मुहूर्तावर पोचावं म्हणून गणपतनं आयुष्यात पहिल्यांदा यादी केली आणि नम्रपणे माझ्या हातात दिली. तीत एकच कलम होतं: दादानं दमणी हाकायची नाही.

मी शेवटच्या दमणीत, मागं तोंड करून बसलो. तरी बडनेरा स्टेशनच्या वाटेवर लोहारापाशी आमचे बैल थांबलेच, आणि गप्पा मारायला उतरलेला पहिला माणूस मीच होतो.