निळ्यावर पांढरी घागर

प्रभाकर जाण्याच्या आदल्या रविवारी मी त्याला भेटायला आल्मेरे या डच शहरात त्याच्या घरी गेले होते. प्रभाकर म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच लहान. त्याची खाट खाली हॉलमध्ये खिडकीशी आणली होती. मी शिवून नेलेला अंगरखा त्याला दाखवला, तर म्हणाला, "ताई, जरा लांब धर." मी मागे सरले. अजून लांब, म्हणाला. अशी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले तेव्हा कुठे त्याने मान हलवली. घागर दिसते, म्हणाला... त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, फोन आला. उचलायच्या आधीच मला कळलं होतं.

आता हा अंगरखा कसला, ते सांगायला हवं. आमचा प्रभाकर आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करायचा आणि सुट्टीला इथल्या एका मंडळात जायचा. ही मंडळी मध्ययुगातले कपडे घालून माळावर तंबू ठोकतात, चुलीवर रांधतात, लुटुपुटूच्या लढाया करतात. मी त्याला म्हणायचे, अरे, चुलीच्या धुरातून सुटायला आपण एवढ्या लांब आलो आणि तू हौसेने परत धुरात जाऊन बसतोस? तोही हसायचा. मंडळाचा प्रमुख हेन्ड्रिक, निवृत्त मास्तर, भारी काटेकोर. त्याने ठरवलं की प्रत्येकाने आपल्या घराण्याचं चिन्ह करायचं, ढालीवर आणि अंगरख्यावर लावायला, आणि ते त्या काळाला धरूनच हवं. प्रभाकरला सगळ्यांनी हत्ती सुचवला. भारतातला माणूस, म्हणून हत्ती! त्याने हेन्ड्रिकला विचारलं, तेव्हा असं चिन्ह लावायची मुभा कुणाला होती? हेन्ड्रिक म्हणाला, या मुलखात कुणालाही. शेतकरी, कुंभार, खाटीकसुद्धा लावायचे. दुसऱ्याचं उचलू नये, एवढंच.

त्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला. म्हणाला, "ताई, इथं कुणाला विचारावं लागत नव्हतं."

माझी आई आणि मावशी एकाच गावात दिलेल्या. आम्ही महारवाड्यात वाढलो. मावशी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, आणि प्रभाकर तिच्या लुगड्याला धरून उभा असायचा. त्याने हत्ती नाही, ती घागर काढली. सुनंदाला ते सोसेना. ती शहरात वाढलेली. तिच्या वडिलांनी नोकरी करून पोरींना त्या गावापासून दूर ठेवलेलं. मला म्हणाली, तुम्ही तरी यांना समजवा. खरं सांगते, मनातून मी तिच्याच बाजूची होते. एकदा जेवताना ती त्याला म्हणालीच, "तुमच्या आईला लांब उभं केलं, ते आता छातीवर मिरवणार का?"

"विहीर त्यांची होती सुनंदा," तो म्हणाला. "घागर आपली होती."

ती ताट तसंच ठेवून उठली. पुढे घरात त्या चिन्हाचा विषय निघाला की ती खोलीतून निघून जायची.

चिन्हामागचा रंग निळा, त्यात काही वाद नव्हता, तो आपलाच. घागर मातीची म्हणून मी लाल कापड कापून शिवलं, तर हेन्ड्रिकचा नियम आडवा आला. निळ्यावर लाल बसत नाही; गडदावर गडद लांबून दिसत नाही, आणि लढाईत माणूस लांबूनच ओळखायचा असतो. मी चिडले. मातीची घागर पांढरी कधी कुणी पाहिलीय? पण प्रभाकरला ते पटलं. पांढरी कर, म्हणाला, लोकांना दिसू दे. मी लाल उसवायला घेतली आणि तेवढ्यात त्याचं दुखणं कळलं... अंगरखा त्याने घातलाच नाही.

अंत्यविधीनंतर हेन्ड्रिक घरी आला. हातात काळी चौकोनी फळी, कोनावर उभी धरलेली, मध्ये निळ्या ढालीवर पांढरी घागर. माणूस गेला की त्याच्या घराण्याचं चिन्ह असं दारावर लावायची इकडे जुनी रीत होती म्हणे. ही रीत आपल्या मंडळाच्या काळानंतरची आहे, तो हळूच म्हणाला. इतका नियमाचा माणूस, पण त्याने ती फळी केली. मला सुनंदाकडे बघायचा धीर होईना. ती आत गेली आणि हातोडी घेऊन आली.

दुखवटा संपला की फळी उतरवून चर्चमध्ये नेतात, असं हेन्ड्रिकने मागच्या आठवड्यात सांगितलं. सुनंदा म्हणाली, आम्हाला कुठलं चर्च, दारावरच राहू दे. काल मी गेले तर ती ओढणीच्या टोकाने फळीवरचं दव पुसत होती. शेजारीण कुंपणापाशी उभी राहून विचारत होती, हे काय आहे? सुनंदाने हात न थांबवता आपल्या मोडक्या डचमध्ये सांगितलं, "माझ्या सासूबाईंची घागर."